जॅग्वार ई-टाइप की होंडा एनएसएक्स?

दोन्ही गाड्यांनी आपापल्या काळात फेरारीपेक्षा पुष्कळ कमी पैशांत तिच्या तोडीचा वेग दिला. पण एक १९६१ सालची ब्रिटिश, दुसरी १९९० सालची जपानी, आणि घरी आणल्यावर दोघींचं वागणं अगदी वेगळं.

देखणेपणात ई-टाइपला तोड नाही. विमान उद्योगातून आलेल्या माल्कम सेयर यांनी तिची वळणं गणिताने बसवली आणि ते लांबलचक बॉनेट आजही रस्त्यावरच्या माणसाला थांबवतं. पण घेताना बॉनेटकडे नाही, खाली बघा. दारांखालचे सिल आणि फ्लोअरचा पत्रा गंजतो, तो निदान दिसतो तरी. इंजिन ज्या चौकोनी नळ्यांच्या चौकटीवर बसतं त्या नळ्या मात्र आतून गंजतात आणि वर रंग चकचकीत राहतो. या गाड्यांचा जाणकार सोबत नसेल तर व्यवहार करूच नका. सुरुवातीच्या ३.८ लिटर गाडीत पहिला गिअर गाडी थांबल्याशिवाय नीट पडत नाही, ब्रेकही यथातथाच. १९६४ च्या अखेरीस आलेल्या ४.२ मध्ये गिअरबॉक्स, ब्रेक, सीट सगळं सुधारलं आणि मूळचं रूप तसंच राहिलं. मी तीच घेईन. सत्तर हजारांहून अधिक ई-टाइप बनल्या, त्यामुळे सुटे भाग अजून सहज मिळतात. २००८ पासून जॅग्वार टाटांकडे आहे, याचा मराठी माणसाला थोडा जास्तच आनंद.

एनएसएक्सची सगळी बॉडी ॲल्युमिनियमची. अशी ॲल्युमिनियमची मोनोकॉक, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकसंध, असलेली ती पहिली उत्पादित गाडी, म्हणून गंजाची ती धास्ती इथे नाही. सीटमागे ३ लिटरचं, सहा सिलिंडरचं व्ही-६ इंजिन, टायटॅनियमचे कनेक्टिंग रॉड, ८,००० आरपीएमपर्यंत चढत जाणारा आवाज! फॉर्म्युला वनचा विजेता आयर्टन सेना याने जपानमधल्या सुझुका रेसट्रॅकवर चालवून पाहिल्यावर तिचा सांगाडा आणखी कणखर करण्यात आला, आणि वळणावर ते जाणवतं. काचेतून चहूबाजूंनी दिसतं, एसी चालतो, गर्दीतही इंजिन कुरकुरत नाही.

तपासायचं काय? टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा पट्टा, कधी बदलला याचा कागद मागा. १९९१-९२ च्या काही गाड्यांत गिअरबॉक्समधली स्नॅप रिंग (भाग जागेवर धरून ठेवणारी कडी) तुटते आणि अख्खा गिअरबॉक्स घेऊन जाते. गिअरबॉक्सच्या क्रमांकावरून गाडी त्यातली आहे का ते कळतं. अपघात झालेली गाडी सोडून द्या, कारण ॲल्युमिनियमचं काम येणारे कारागीर थोडे आणि महाग. एकूण उत्पादन जेमतेम अठरा हजारांच्या आसपास, त्यामुळे काही भागांसाठी वाट पाहावी लागते.

दर रविवारी लांब चालवायची असेल तर माझं मत ठामपणे एनएसएक्सला, तेही १९९७ नंतरची, ३.२ लिटरची, सहा गिअरवाली. गॅरेजमध्ये हात काळे करण्यात ज्याला मनापासून सुख वाटतं, त्याने ई-टाइपच घ्यावी, आणि किमतीच्या वर दुरुस्तीसाठी चांगली रक्कम आधीच बाजूला ठेवावी.