कॉन्सुलचा ‘जवळचा नोड’: पावसाळाभराच्या वापरानंतर

कॉन्सुल म्हणजे जाळ्यातल्या मशीनांची (नोडांची) आणि त्यांच्यावरच्या सेवांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर; कुठला नोड सगळ्यात जवळचा, हेही ते सांगतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीकडची फायबर तुटली, तिथला नोड फोरजीवर गेला, आणि गोकुळ शिरगावची मशीनं पुढची कितीतरी मिनिटं त्यालाच सगळ्यात जवळचा समजून गाठत राहिली. लिहायला बसलो ते यासाठी.

आधी चांगलं. २०० नोडांमधली अंतरं (म्हणजे पॅकेटला जाऊन यायला लागणारा वेळ) थेट मोजायची तर १९,९०० जोड्या होतात. मोजून डेटा मिळणाऱ्या लाइनवर हे परवडत नाही. कॉन्सुल त्यासाठी वेगळं काही पाठवत नाही. नोड जिवंत आहे का हे विचारणारा प्रोब सेकंदाला एक जातोच, त्याच्या उत्तरातच कोऑर्डिनेट येतात, म्हणजे नोडाची जाळ्यातली जागा सांगणारे आकडे; त्यांवरून कुठल्याही दोन नोडांमधलं अंतर काढता येतं. गणित २००४ च्या विवाल्डी या पद्धतीचं. एवढं फुकटात मिळतं, याला तोड नाही. आणि नकाशावरचं अंतर इथे कामाचं नाही: दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन असल्या, तर शिरोलीहून गोकुळ शिरगावला निघालेलं पॅकेट मुंबईला वळसा घालून येऊ शकतं.

आता दुखणं. प्रत्येक शेजाऱ्याची शेवटची तीन मोजमापं ठेवून त्यातलं मधलं धरलं जातं. २०० नोडांत एकेका शेजाऱ्याची पाळी साधारण २०० सेकंदांनी येते. लाइन बदलल्यावरचं पहिलं मोजमाप मधलं ठरतच नाही, दुसरं यावं लागतं. म्हणजे पहिली काही मिनिटं कोऑर्डिनेट जागचं फारसं हलत नाही, आणि नंतरही सरकतं ते हळूहळूच. वायरगार्डचा (नोड जोडणाऱ्या व्हीपीएनचा) पत्ता तोच राहतो, त्यामुळे नोड ‘पडला’ असंही दिसत नाही.

तिन्हींतलं मधलं धरणारा हा फिल्टर नकोच, असं आधी ठाम मत होतं. आता नाही. फोरजीवर एखादं पॅकेट अडकलं की ४० चे ४०० मिलिसेकंद होतात. फिल्टर नसेल तर जवळच्या नोडांची यादी सारखी उलटीपालटी होईल.

त्यामुळे इलाज आपल्याच बाजूला करावा. कॉन्सुलच्या हेल्थ एपीआयला ‘निअर’ (जवळचे आधी) आणि ‘पासिंग’ (तपासणीत ठीक असलेलेच) देऊन यादी मागवा, वरच्या तिघांकडे एकदम टीसीपी जोडणी उघडा, पहिली लागेल ती ठेवा, उरलेल्या बंद करा. फोरजीवर गेलेला नोड तिथेच मागे पडतो. तीनपेक्षा जास्त नकोत, नाहीतर वाचवलेला डेटा यातच जातो. नोडवर लोड किती, हे कोऑर्डिनेटमध्ये कुठेच नसतं. ते वेगळं बघावं लागतं.

एपीआयऐवजी कॉन्सुलच्या साध्या डीएनएसवर (नावावरून पत्ता विचारायची सोय) असाल तर अंतराचा विचार होतच नाही, उत्तरं कुठल्याही क्रमाने येतात. तिथे प्रिपेअर्ड क्वेरी (आधीच साठवून ठेवलेली चौकशी) करून तिच्यात ‘निअर’ भरावं लागतं.