पैसे आधी त्यांनीच दिले

तेवीस दिवसांत माझा साडेचार महिन्यांचा पगार गेला. मी हिशेबाचं काम करते, बारा वर्षं दुसऱ्यांच्या वह्या जुळवतेय. त्यामुळे "अगं, तुला कसं कळलं नाही?" हे मला जरा जास्तच वेळा ऐकावं लागलं. खरं सांगायचं तर बरंचसं कळत होतं. कळूनही मी ते बाजूला कसं सारत गेले, तेवढंच इथे लिहिते.

अनोळखी नंबरवरून मेसेज आला. घरबसल्या काम, रोज तासभर, अनुभवाची गरज नाही. अर्ज नाही, मुलाखत नाही, शिक्षण किती तेही नाही. विचारलं फक्त वय, आणि बँकेचं खातं स्वतःच्या नावावर आहे का. साध्या कारकुनाच्या जागेसाठीही माणसाला दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात, हे मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात एकच कसोटी पक्की बसली होती: पैसे मागितले तर फसवणूक. आणि यांनी मागितले नाहीत, दिले.

काम असं की एका साइटवर लॉगिन करायचं, हॉटेलांचे फोटो येत राहतात, प्रत्येकाला पाच स्टार देऊन 'सबमिट' दाबायचं. चाळीस वेळा दाबलं की एक सेट पुरा. ह्याने हॉटेलांचं 'रेटिंग ऑप्टिमाइझ' होतं म्हणे. वीस मिनिटांच्या त्या कामाचे, माझ्या दिवसाच्या पगाराच्या पाव हिश्शाइतके पैसे दहा मिनिटांत खात्यात आले. खरे पैसे, मी बँकेच्या ॲपमध्ये दोनदा पाहिले.

ते आले मात्र कंपनीच्या नावाने नव्हेत, कुणा भलत्याच माणसाच्या खात्यातून. ऑफिसात अशी जमा दिसली असती तर व्हाउचर मागितल्याशिवाय मी नोंद केली नसती. इथे मागितलं नाही. आता कळतं, ते पैसे बहुधा माझ्यासारख्याच कुणाचे तरी होते. १९२० मध्ये बोस्टनला चार्ल्स पॉन्झीने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचं आमिष दाखवून हेच केलं होतं: नव्याने येणाऱ्यांचे पैसे जुन्यांना नफा म्हणून वाटायचे. शिवाय असे चोरीचे पैसे खात्यात आले की पुढे चौकशीत आपलंच खातं गोठवलं जाऊ शकतं. म्हणजे ती पहिली 'कमाई'सुद्धा फुकट नव्हतीच.

चौथ्या दिवशी सांगितलं, आता ट्रेनिंग संपलं, स्वतःचं खातं 'रिचार्ज' करून काम करा, कमिशन जास्त मिळेल. मी आठवड्याचा पगार भरला. पगार देणाऱ्यालाच पैसे कसले भरायचे, हा प्रश्न मला पडला होता. मी त्याचं उत्तरही स्वतःच तयार केलं: डिपॉझिट असेल.

मग तो 'कॉम्बो टास्क' आला. सेटमधल्या एकतिसाव्या हॉटेलाला अचानक तीन हॉटेलं जोडून आली आणि शिल्लक लाल झाली, समोर वजाचं चिन्ह. मॅडमचा (माझी 'मेंटॉर', फोटो एका हसऱ्या बाईचा) लगेच मेसेज: अभिनंदन, तुम्ही नशीबवान आहात, यावर पाचपट कमिशन! फक्त वजा रक्कम भरून सेट पुरा करा, त्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. भरले, पंधरा दिवसांचा पगार. पुढच्या सेटला पुन्हा कॉम्बो, या वेळी दीड महिन्याचा. शेवटचा सव्वादोन महिन्यांचा, निम्मा दादाकडून उसना घेतलेला. तो त्यांनी क्रिप्टोत, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनात मागितला.

लोक म्हणतात, हाव नडली. पहिल्या दिवशी असेलही हाव. त्या लाल आकड्यासमोर मात्र मनात एवढंच होतं की माझे अडकलेले सुटू देत. रात्री साडेबाराला मी सबमिट-सबमिट करत बसले होते. घाम गाळून मिळवल्यासारखे ते पैसे 'माझे' झाले होते. खरं तर स्क्रीनवरची ती शिल्लक कोण लिहीत होतं? तेच. त्यामागे ना पावती, ना बँकेची नोंद. असा आकडा कुणीही टाइप करावा.

एक ग्रुपही होता, सत्तर-ऐंशी जणांचा. रोज कुणी ना कुणी स्क्रीनशॉट टाकायचं: आज एवढे काढले, थँक यू टीम. मी शंका विचारली की चौघं धावून यायची, "ताई, मलाही भीती वाटली होती, भरून टाका." नंतर शांतपणे बघितलं तर तीन वेगवेगळ्या माणसांच्या स्क्रीनशॉटमध्ये वेळ तीच, ११:४२, आणि बॅटरीही तीच, ६३ टक्के. त्या ग्रुपात खरी माणसं किती होती कोण जाणे. कदाचित मी एकटीच.

दादाने पैसे देताना विचारलं होतं, "हॉटेलवाल्याला तुझ्या स्टारचा उपयोग काय? तू तिथे राहिली पण नाहीस." मी चिडले.

थांबले ती शेवटी हिशेबामुळेच. सेट पुरा झाला, स्क्रीनवर आठ महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम, आणि 'पैसे काढा' दाबल्यावर उत्तर: आधी वीस टक्के टॅक्स भरा. मी लिहिलं, "माझ्याच रकमेतून वळता करून घ्या, उरलेले पाठवा." उत्तर आलं, सिस्टीममध्ये तशी सोय नाही, वेगळे भरावे लागतील. टॅक्स देणाऱ्याच्या रकमेतून कापतात, हे मी बारा वर्षं रोज करतेय. पोटात गोळा आला आणि त्याच क्षणी सगळं लख्ख दिसलं.

बँकेला लगेच कळवलं, पोलिसांत तक्रार केली. बँकेतून गेलेल्यातला थोडा भाग वेळेत अडवला गेला, क्रिप्टोतला गेला तो गेलाच. तेव्हा लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नका. जे काही अडवता येतं ते पहिल्या काही तासांत. आणि हो, आठवड्याने 'तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, फक्त फी आधी भरा' असा फोन येईल. मला दोन आले. तो त्याच खेळाचा पुढचा सेट.

नंतर वाचत बसले. अमेरिकेत ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेकडे अशा 'टास्क'च्या तक्रारी २०२० मध्ये शून्य होत्या, २०२३ मध्ये सुमारे ५,०००, आणि २०२४ च्या पहिल्या सहा महिन्यांतच सुमारे २०,०००. माझ्या एका मैत्रिणीला डेटा एंट्रीत गाठलं होतं. तिथे पैसे भरायचे नव्हते, करारावर सही करायची होती. काम दिल्यावर 'अचूकता कमी भरली, दंड भरा, नाहीतर कोर्टात खेचू' अशी वकिलाची नोटीस आली, वकीलही खोटाच. तिने भरले नाहीत, पुढे कुणी आलं नाही.

साइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कधी नोंदवलंय ते 'हू-इज' (Whois) या नोंदी शोधायच्या सोयीवर फुकटात दिसतं. दोन मिनिटांचं काम. मी ते पैसे गेल्यावर केलं. 'दहा वर्षं जुनी कंपनी' मला मेसेज यायच्या एकोणीस दिवस आधी जन्मली होती. मॅडमचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकला, तो फोटो विकणाऱ्या साइटवर सापडला.

तक्रारीसाठी सगळं चॅट पहिल्यापासून वाचून काढलं. चौथ्या दिवशी रिचार्ज अडला होता, तेव्हा मॅडमने लिहिलं होतं, "थांबा, मी बघतो." त्याखाली माझं उत्तर: "थँक यू मॅडम."