सेफ की झेडएफएस? आमच्या गुरुवारांनी दिलेलं उत्तर

पन्नास-शंभर माणसांची कंपनी, दहा-बारा व्हीएम (सर्व्हरच्या पोटात चालणारे आभासी संगणक) आणि ते चालवायला प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर ठरलेलं. आता प्रश्न उरतो तो डिस्कचा. तीन सर्व्हर घेऊन सेफ करायचं, म्हणजे सगळ्यांच्या डिस्कचा सामाईक साठा, की दोन सर्व्हरवर झेडएफएस ही फाइलसिस्टीम ठेवून त्यांच्यात रेप्लिकेशन लावायचं, म्हणजे ठरावीक वेळाने एकाची प्रत दुसऱ्यावर? भोसरीतल्या एकाच कारखान्यात मी आधी सेफ चालवलं, मग झेडएफएसवर आलो. त्यामुळे पुढे लिहिलंय ते अनुभवाचं आहे. बेंचमार्क काढलेले नाहीत.

सेफबद्दल आधी, कारण ते मला मनापासून आवडतं. नाव सेफालोपॉडवरून आलंय, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळातलं, आणि कामही तसंच. तिन्ही सर्व्हरच्या डिस्क मिळून एकच साठा होतो, डेटाच्या तीन प्रती तीन वेगळ्या सर्व्हरवर बसतात. भर दुपारी एका सर्व्हरची पॉवर केबल काढून पाहिली होती. त्यावरचे व्हीएम दोन-तीन मिनिटांत दुसरीकडे उठले. डिझाइनच्या मुलांनी ‘नेट गेलं होतं का?’ एवढंच विचारलं. लिहून झालेलं काहीही गेलं नाही. हे झेडएफएस रेप्लिकेशनला जमणार नाही, ते आत्ताच सांगून टाकतो.

खर्चाचा बाऊ करू नका. १० गिगाबिटचा स्विच नसला तरी तीन सर्व्हर थेट केबलने एकमेकांना जोडता येतात, प्रत्येकात दोन पोर्ट पुरतात. एसएसडी मात्र वीज गेल्यावर कॅपॅसिटरच्या जोरावर लिहिणं पुरं करणारे, सर्व्हरचेच घ्या. लॅपटॉपवाले एसएसडी सेफखाली अक्षरशः रांगतात. आणखी एक गोष्ट कोटेशनमध्ये दिसत नाही. सर्व्हरमागे दोनच डिस्क असतील आणि एक मेली, तर तिचा सगळा भार त्याच सर्व्हरमधल्या दुसरीवर पडतो, कारण ती प्रत ठेवायला चौथा सर्व्हर नसतो. डिस्क ६० टक्के भरलेल्या असतील तर तो भार मावणारच नाही. ९० टक्क्यांना सेफ अशा प्रती भरणं थांबवतं, आणि तरीही डेटा वाढत जाऊन ९५ टक्के झाले की लिहिणंच बंद होतं. तेव्हा सर्व्हरमागे निदान चार डिस्क धरा.

एवढं सगळं मी सांभाळत होतो. मला थकवलं ते गुरुवारांनी.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, आणि विजेची देखभालीची कामंही त्याच दिवशी निघतात. महिन्यातून एकदोनदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज नाही. यूपीएस चाळीस मिनिटं टिकतो, आणि सुट्टीच्या दिवशी सर्व्हरसाठी जनरेटर चालवायला कुणी तयार नसतं. म्हणजे सगळं शिस्तीत बंद करायचं. आधी सगळे व्हीएम, मग नोआउटसारखे फ्लॅग लावायचे (म्हणजे बंद डिस्क मेली समजून सेफ तिच्या प्रती दुसरीकडे बनवायला घेत नाही), मग एकेक सर्व्हर. संध्याकाळी उलटा क्रम: तिन्ही चालू करा, मॉनिटरचा (सेफवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामांचा) कोरम, म्हणजे बहुमत, होऊ द्या, सगळे ओएसडी (दर डिस्कमागचा सेफचा प्रोग्राम) वर आलेत का बघा, फ्लॅग काढा, मगच व्हीएम. चुकण्यासारखं यात काही नाही, पण दर वेळी जाणकार माणूस लागतो, आणि आमच्याकडे तो मी एकटाच.

एका गुरुवारी दोन सर्व्हरचे सीमॉस सेल (वीज नसताना मदरबोर्डवरचं घड्याळ चालू ठेवणारे) संपलेले निघाले. सर्व्हर एकाच वेळी घेतलेले, त्यामुळे सेलही एकाच सुमारास गेले. तिन्हींची घड्याळं तीन तऱ्हांची. सेफचे मॉनिटर ०.०५ सेकंदाच्या फरकालाही इशारा देतात, इथे तर वर्षांचा फरक होता. वेळ मिळणार इंटरनेटवरून, इंटरनेट मिळणार फायरवॉलमधून, आणि फायरवॉल हा त्याच सेफवर ठेवलेला व्हीएम! बायोसमध्ये जाऊन हाताने वेळ लावली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. सकाळी सातच्या शिफ्टला गेटवरचं हजेरीचं मशिन चालू हवं होतं, ते चालू झालं. मांडणी माझीच होती, यात सेफचा दोष नाही. पण त्या रात्री घरी जाताना मनात ठरलं.

झेडएफएसमध्ये प्रत्येक सर्व्हरचा डेटा त्याच्याच पोटात असतो. वीज आली की सर्व्हर उठतो, डिस्क त्याच्याजवळच असते, कुणाची वाट बघायची नाही. फ्लॅग नाहीत, क्रम नाही. कोरम इथेही लागतो, नाहीतर प्रॉक्समॉक्स व्हीएम आपोआप सुरू करत नाही. म्हणून तिसऱ्या मतासाठी एका छोट्या पेटीवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा प्रोग्राम) बसवलाय. व्हीएमसाठी मिरर करा (दोन डिस्कवर तोच डेटा), रेडझेड (पॅरिटीवर चालणारी रचना) नको. रेड कार्ड असेल तर ते एचबीए मोडमध्ये टाका, म्हणजे झेडएफएसला डिस्क थेट दिसतात. दोन्हीकडे पूलचं (झेडएफएसच्या डिस्कगटाचं) नाव एकच ठेवा.

किंमत मोजावी लागते ती मिनिटांत. रेप्लिकेशन मुळात दर १५ मिनिटांनी होतं. ईआरपीच्या (कंपनीचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) व्हीएमला मी ५ मिनिटं लावलीत. गेल्या पावसाळ्यात पहिल्या सर्व्हरचा मदरबोर्ड गेला. मी व्हीएमची कॉन्फिग दुसऱ्यावर हलवून तो सुरू केला. ईआरपीत मधली दोन डिलिव्हरी चलनं नव्हती. डिस्पॅचच्या ताईंनी कागदी प्रतीवरून ती पुन्हा भरली, पाच मिनिटांचं काम. त्या म्हणाल्या, ‘सर, एवढंच ना?’

तुमच्याकडे कागदी प्रत नसेल, म्हणजे हॉस्पिटल असेल, किंवा चोवीस तास ऑनलाइन ऑर्डरी येत असतील, तर ‘एवढंच’ म्हणता येणार नाही. जनरेटर आपोआप सुरू होत असेल, चार-पाच सर्व्हर असतील, मध्यरात्री फोन उचलणारी दोन माणसं असतील, तर बिनदिक्कत सेफ घ्या. मीही घेईन. पण आयटी म्हणजे एकच माणूस आणि पुढच्या आठवड्यातली वीज बेभरवशाची असेल, तर दोन सर्व्हर आणि झेडएफएस मला तरी जास्त झेपण्यासारखं वाटतं. आता गुरुवारी मी जात नाही. वॉचमनकाकांना दाखवून ठेवलंय: वीज जाणार असेल तर कोणतं बटण एकदाच दाबायचं, आणि आली की कोणतं.

सेफचा तिसरा सर्व्हर विकला नाही. तो दुसऱ्या शेडमध्ये बॅकअपसाठी लावलाय, नव्या सीमॉस सेलसह.