शुद्धीवर आहे, भानावर यायचंय: ध्यानाच्या एका मराठी अ‍ॅपबद्दल

सत्र संपत आलं होतं. बावीस मिनिटं पाठीवर पडून मी पायाच्या अंगठ्यापासून टाळूपर्यंत मनानं फिरून आले होते, आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं. तेवढ्यात कानातला तो मऊ आवाज म्हणाला, "आता हळूहळू शुद्धीवर या." मी डोळे उघडले आणि एकटीच हसत सुटले. तीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होते. हे वाक्य मी ज्यांच्या कानाशी बोलले, त्यांची भूल उतरत असायची किंवा घशातली नळी नुकतीच निघालेली असायची.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या अ‍ॅपांचं मराठी एकाच साच्यातून निघाल्यासारखं असतं, तेव्हा तुमच्या फोनवर दुसरं असेल तरी यातलं बरंच त्यालाही लागू पडेल.

ते मुलीनं माझ्या फोनवर टाकून दिलं. नोकरी संपली तरी रात्री दोन-अडीचला माझे डोळे टक्क उघडे. "आई, तू झोपेतही ड्युटीवर असतेस," ती म्हणाली, आणि ते शब्दशः खरं होतं. पहिल्याच सत्राची घंटा वाजली तेव्हा मी ताडकन उठून बसले, कारण ती हुबेहूब सलाईनच्या पंपाच्या अलार्मसारखी होती. सेटिंगमध्ये आणखी चार आवाज आहेत. मी लाकडी ठोका निवडला. नर्स असाल तर आधी हे बदला, मग ध्यानाला बसा.

अ‍ॅप म्हणून ते उत्तम आहे. अडकत नाही, जाहिराती नाहीत, अक्षर मोठं करता येतं, सत्र मधेच सोडलं तर टोमणे मारत नाही. यावर जास्त लिहायची गरज नाही. माझं भांडण आहे शब्दांशी.

इंग्रजीतल्या 'माइंडफुलनेस'साठी इथे सगळीकडे एकच शब्द पेरलाय: सजगता. सजग श्वास, सजग चालणं, सजग जेवण. कोशात बघाल तर काही चूक नाही. पण मराठीत सजग कोण असतं? पहारेकरी, नागरिक, रात्रपाळीची सिस्टर. सजगतेत 'काहीतरी बिघडणार आहे, लक्ष ठेव' हे गृहीतच असतं. चार पेशंटचे चार मॉनिटर, प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि त्यातला कुठला नेहमीपेक्षा किंचित बदललाय हे पाठमोरी असतानाही कळणं म्हणजे सजगता. ती माझ्याकडे पोतंभर आहे. तीच तर माझी झोप खाते. आणि हे अ‍ॅप मला रोज सकाळी सांगतं, "आज अधिक सजग राहा." अहो, मी कमी सजग व्हायला आलेय!

मला हवा असलेला शब्द आमच्या वॉर्डात रोज वापरात होता. शुद्धीचं मोजमाप करायला ग्लासगो कोमा स्केल असते. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी ती 1974 मध्ये मांडली. डोळे उघडण्याचे 4 गुण, बोलण्याचे 5, हालचालीचे 6; एकूण 15, आणि कमीत कमी 3. त्यात बोलण्याचे 4 आणि 5 यांच्यात जो एका गुणाचा फरक आहे ना, तिथेच आमचं मराठी उभं होतं. पेशंट डोळे उघडतो, पूर्ण वाक्यं बोलतो, पण आपण कुठे आहोत, महिना कोणता, हे त्याला सांगता येत नाही. त्याला 4. सगळं नीट सांगतो त्याला 5. हे आम्ही बाहेर बसलेल्या नातेवाइकांना कसं सांगायचो? "शुद्धीवर आलेत, पण अजून भानावर नाहीत." कुणालाही दुसऱ्यांदा समजावावं लागलं नाही.

एक आजोबा आठवतात. नाव बरोबर सांगितलं, हात उचला म्हटलं की उचलायचे. पण रात्रभर मला विचारत होते, "ताई, आपलं स्टेशन आलं का?" आगगाडीत बसले होते ते. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी खिडकीकडे पाहिलं, हातातल्या सुईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "दवाखाना आहे होय हा." रिपोर्टमधले आकडे होते तेच होते. पण माणूस परत आला होता. त्या क्षणाला भानाशिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही, आणि ध्यानाच्या अ‍ॅपनं मला नेमकं तिथे न्यावं एवढीच माझी अपेक्षा आहे: गाडीतून उतरवून, आत्ता जिथे आहे त्या खोलीत.

भान हा शब्द संस्कृतातल्या 'भा' धातूवरून आलाय. भा म्हणजे प्रकाशणं. भानू म्हणजे सूर्य, तोही तिथलाच. म्हणजे भानात दिसणं आहे, पहारा नाही. अ‍ॅपच्या भाषांतरकारानं तो एकदाही वापरलेला नाही. का, हे मला थोडं कळतं. आपण हा शब्द बहुतेक वेळा हरवल्यावरच काढतो. भान सुटलं, भान राहिलं नाही, बेभान झाला. (हा बेभानही गमतीचा: 'बे' फारसी, 'भान' संस्कृत, संसार मराठीत.) आणि शिल्लक असतं तेव्हा तो दटावणीत येतो: वयाचं भान ठेव, कुणाशी बोलतोयस याचं भान ठेव. माझ्या पिढीतल्या मुलींना हा शब्द ऐकला की अजून पदर सावरावासा वाटतो. उलट गाण्यात भान हरपलं तर ते कौतुक. तेव्हा 'भान ठेवा' असं आज्ञार्थी लिहिलंत तर फसणारच. 'श्वासाचं भान येऊ द्या' म्हणा, बघा कसं मऊ होतं.

बाकीच्या शब्दांचीही अशीच धडपड आहे. दुसऱ्या आठवड्यात एक सूचना येते: "मनात येणाऱ्या विचारांची जाणीव ठेवा." आता आईबापांच्या कष्टांची जाणीव ठेवावी, कुणी अडीअडचणीला धावून आलं त्याची ठेवावी. 'त्याला जाणीव नाही' म्हणजे तो कृतघ्न, हे लहान पोरालाही कळतं. पहाटे अडीचला येणाऱ्या विचारांचे मी काय म्हणून उपकार मानू? जाणीव 'होते' म्हणा, सगळं ठीक होईल. एका क्रियापदानं अर्थ कुठल्या कुठे जातो.

"श्वासावर ध्यान द्या" हे तर सरळ हिंदी. आपण लक्ष देतो. ध्यानात ठेवतो, ध्यानीमनी नसताना काही घडतं, आणि विचित्र कपडे घालून कुणी आलं तर 'काय ध्यान आहे' म्हणतो. पण ध्यान देत नाही. जुना शब्दच हवा होता तर अवधान आहे की. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय "तरी अवधान एकलें दीजे" असाच सुरू होतो. लक्ष मागण्याची एवढी आर्जवी रीत घरात असताना शेजारून उसनं कशाला आणायचं?

सगळ्यात मोठा घोळ माहितीच्या पानावर आहे. ही सारी पद्धत "पाली भाषेतील सती या शब्दावर" आधारलेली आहे म्हणे. दीर्घ ती! मी दोनदा वाचलं. पालीत तो सति आहे, र्‍हस्व. संस्कृतातली स्मृती तीच. दीर्घ लिहिलंत की मराठी वाचकासमोर काय उभं राहतं हे लिहिणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही? बाकी मजकूर बरा आहे. पालीचे अभ्यासक र्‍हिस डेव्हिड्स यांनी बौद्ध सुत्तांच्या 1881 च्या भाषांतरात सतिसाठी माइंडफुलनेस हा शब्द योजला, आणि 1979 मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणासाठीचा कार्यक्रम सुरू केला, हे नीट दिलंय. माझ्यासाठी यातली खरी बातमी म्हणजे मूळ शब्दात आठवण आहे. आत्ता इथे आहोत हे विसरणं आणि पुन्हा आठवणं. ते आजोबा, बरोबर तेच. ही गोष्ट पहिल्या सत्रात सांगायची सोडून पानाच्या तळाशी पुरून ठेवलीय.

आता विचाराल, मग वापरता का? वापरते. बोलणारी सत्रं बंद केली. शेवटी एक 'मूक सत्र' आहे: सुरुवातीला एक ठोका, दहा मिनिटांनी दुसरा, मध्ये कुणी काही सांगत नाही. ते रोज रात्री लावते. अडीचला अजूनही जाग येते, पण आता कान दारापलीकडे धावत नाहीत. पंख्याचा आवाज हा पंख्याचाच आवाज असतो. आठवड्यातले चार दिवस तरी.

पाचपैकी तीन तारे. शुद्धीवर यायचं ते वाक्य काढलं तर चौथा लगेच देईन. हे सगळं मी त्यांना सविस्तर कळवलंही, सति र्‍हस्व करा हे दोनदा अधोरेखित करून. दोन दिवसांनी उत्तर आलं: "आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद. आम्ही आपल्या सूचनांची जाणीव ठेवू."