हिरवा दिवा आणि सोलापुरी चादर : एसईओ प्लगइन आठ महिने वापरल्यावर

वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीवर फुकट मिळणारं, प्रत्येक पानाखाली लाल, नारिंगी किंवा हिरवा दिवा लावणारं एसईओ प्लगइन, म्हणजे पान गूगलच्या शोधात वर यावं यासाठी साइटला जोडायचा भाग. नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीची बहुतेक प्लगइनं एकाच साच्यातली असतात. वापर झाला तो चादरी, टॉवेल आणि नॅपकिन विकणाऱ्या सोलापूरच्या एका दुकानाच्या साइटवर. वर्डप्रेस, वर विक्रीसाठी वूकॉमर्स, मजकूर बहुतांश मराठी. या आठ महिन्यांत गड्ड्याची जत्राही आली आणि लग्नसराईही.

प्लगइनची यंत्रणा व्यवस्थित आहे. साइटमॅप (पानांची गूगलसाठीची यादी) बनवणं, शोधात दिसणाऱ्या शीर्षकाची आणि वर्णनाची खोकी देणं, कॅनॉनिकल (सारख्या पानांतलं मूळ कोणतं ती खूण) लावणं ही कामं ते बिनबोभाट करतं. तक्रार आहे ती त्या दिव्याची. दिवा जे मोजतो त्यातलं बरंच गूगलनं कधीच सोडून दिलंय, आणि उरलेलं इंग्रजीच्या मापानं शिवलेलं आहे. मराठीच्या अंगावर ते बसत नाही.

सगळ्यात आधी ‘फोकस कीवर्ड’, म्हणजे ज्या शब्दांवर पान सापडावं ते शब्द. खोक्यात ‘सोलापुरी चादर’ लिहिलं की प्लगइन हे दोन शब्द जसेच्या तसे मजकुरात किती वेळा आले ते मोजतं. आता मराठीत चादर कधी एकटी राहते का? चादरीचं वजन, चादरीला किनार, चादरींवरची नक्षी. सामान्यरूप आणि विभक्ती लागली की प्लगइनच्या लेखी तो शब्द वेगळा. त्यामुळे उत्तम लिहिलेलं पानही लाल राहतं. हिरवं करायला काय लिहावं लागतं त्याचा हा नमुना: ‘सोलापुरी चादर घेताना सोलापुरी चादर अस्सल आहे का हे पाहा, कारण सोलापुरी चादर टिकाऊ असते.’ नवी पेठेत एखादा दुकानदार असं बोलायला लागला तर गिऱ्हाईक पायरीवरूनच परत फिरेल. शब्दांची टक्केवारी ही शोधयंत्रं निव्वळ शब्द मोजत होती त्या काळातली कल्पना आहे. आज शब्द असे कोंबणं गूगलच्या स्पॅम धोरणात मोडतं. ही तपासणी पहिल्याच आठवड्यात बंद केली, आणि त्यामुळे एकही पान मागे पडलेलं दिसलं नाही.

याच कल्पनेचं भावंड म्हणजे प्रत्येक स्पेलिंगला वेगळं पान. इंग्रजीत सोलापूर एच घालूनही लिहितात, चादरीत डी एक की दोन यावर एकमत नाही, शिवाय देवनागरीत ‘चादर’ आणि ‘चद्दर’ दोन्ही चालतात. यासाठी चार पानं काढायची गरज नाही. एकाच पानावर ही रूपं ओघात एकेकदा आली की पुरे. चार पानं केलीत तर ती आपापसातच भांडतात, आणि त्यातलं कोणतं दाखवायचं ते गूगल ठरवतं, तुम्ही नाही.

पानाच्या पत्त्याबद्दलचा इशारा मात्र निम्मा खरा निघाला. ‘पत्ता फार लांब आहे’ असं प्लगइन म्हणतं, आणि पत्ता लांबल्यानं क्रमवारी घसरते हे काही खरं नाही. पण पत्ता देवनागरीत ठेवला तर पडद्यामागे प्रत्येक अक्षर-मात्रेची नऊ चिन्हं होतात. ‘सोलापुरी-चादर’ एवढ्याशा पत्त्याची एकशे नऊ. वर्डप्रेस पत्त्याचा हा भाग दोनशे चिन्हांवर कापतं, म्हणजे साधारण बाविसाव्या अक्षर-मात्रेला कात्री. ‘सोलापुरी-जेकार्ड-चादर-डबल-बेड’ असा पत्ता अर्ध्यात तुटतो, आणि तसलाच दुसरा तयार झाला की वर्डप्रेस शेपटाला ‘२’ जोडतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली अशी लिंक कधीकधी टक्केचिन्हांची माळ होऊन दिसते, ते वेगळंच. तेव्हा पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा. जुने पत्ते उगाच बदलू नका. बदललेच तर प्रत्येकाला ३०१ लावा, म्हणजे जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळतो.

शीर्षकाला साठ अक्षरांची मर्यादा, हीही अशीच. गूगल शीर्षक कापतं ते रुंदी बघून, अक्षरं मोजून नाही. प्लगइन काना, मात्रा, वेलांटी सगळं सुटं मोजतं, म्हणून मराठी शीर्षक पडद्यावर नीट मावत असूनही दिवा लाल. मोबाइलवर शोधून डोळ्यांनी बघणं हाच उपाय. शिवाय ऑगस्ट २०२१ पासून गूगलचं पानावरचा मुख्य मथळा उचलून स्वतःच शीर्षक बदलण्याचं प्रमाण वाढलंय, त्यामुळे दोन्हींत फार तफावत ठेवू नये.

वाचनीयतेचा दिवा सरळ बंद करा. त्यामागचं वाचायला सोपं-अवघड मोजणारं फ्लेश सूत्र १९४८ चं आणि इंग्रजीसाठी बांधलेलं. शब्दात उच्चाराचे किती तुकडे आणि वाक्यात किती शब्द, एवढंच ते बघतं. ‘विणकरांच्यासुद्धा’ हा एक शब्द बघूनच ते हात टेकतं.

किमान तीनशे शब्दांचा आग्रहही तसाच. गूगलनं अशी कोणतीही मर्यादा घातलेली नाही. टेरी टॉवेलच्या पानावर गिऱ्हाइकाला काय हवं असतं? माप तीस बाय साठ इंच आहे का, जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) किती, रंग जातो का, डझनाचा भाव काय, पार्सल कधी निघतं. हे शंभर शब्दांत संपतं. त्याच्यापुढे सोलापूरच्या वस्त्रोद्योगाचा इतिहास चिकटवला की भाव खाली ढकलला जातो आणि मोबाइलवर तीन वेळा अंगठा फिरवावा लागतो.

मेटा कीवर्डचं, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लपवायच्या शोधशब्दांचं, खोकं अजूनही सेटिंगमध्ये आहे, हे बघून हसू येतं. क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नाही, असं गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच सांगितलंय. प्रश्नोत्तरांचा स्कीमा (पानावर काय आहे ते गूगलला सांगणारा कोड) प्लगइन अजून मोठ्या कौतुकानं सुचवतं, पण ऑगस्ट २०२३ मध्ये गूगलनं शोधनिकालात उलगडणारी ती प्रश्नोत्तरं सरकारी आणि आरोग्यविषयक नामांकित साइटपुरती आखडली. दुकानाला त्याचा उपयोग नाही. प्रॉडक्ट स्कीमात भाव आणि साठा बरोबर भरा, ते कामाला येतं. आपल्याच साइटवर आपल्याच दुकानाला दिलेले तारे २०१९ पासून शोधात झळकत नाहीत.

सगळ्यात जास्त निस्तरावं लागलं ते गावांच्या पानांचं. प्लगइनच्या पैसे भरून घ्यायच्या जोडभागात एक साचा भरून गावागणिक पानं काढायची सोय आहे: बार्शीत सोलापुरी चादर, पंढरपुरात सोलापुरी चादर, अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला. मजकूर तोच, फक्त गाव वेगळं. प्लगइन या सगळ्यांना हिरवा दिवा देतं. गूगलच्या भाषेत ही दारपानं, आणि त्यांना धोरणात मनाई आहे. सर्च कन्सोल या गूगलच्या साधनातल्या ‘पेजेस’ अहवालात ती एकेक करून ‘क्रॉल केलं, सध्या इंडेक्स नाही’ (वाचलं, पण शोधात घेतलं नाही) या रकान्यात जाऊन बसली. निस्तरायची रीत अशी: खरोखर वेगळी माहिती असलेलं पान ठेवायचं, उदाहरणार्थ जिथे स्वतःची डिलिव्हरी आहे ते. बाकीची ३०१ नं मुख्य पानाकडे वळवायची. नोइंडेक्स (‘हे पान शोधात घेऊ नका’ ही पाटी) लावणार असाल तर तीच पानं रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे गूगलनं कुठे शिरू नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, अडवू नका. दार बंद असेल तर गूगल आत येऊन नोइंडेक्सची पाटी वाचणार कशी? ही चूक पुष्कळ जण करतात.

वेगाबाबत प्लगइनचा ‘लेझी लोड’ (फोटो लागेल तेव्हाच आणायचा) पर्याय सगळ्या फोटोंना सरसकट लागतो. चादरीच्या पानावर वरचा मोठा फोटोच सगळ्यात आधी दिसायला हवा, आणि नेमका तोच उशिरा येतो. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा ही गूगलची कसोटी, ती यामुळेच हुकते. वरचा पहिला फोटो लेझीतून वगळा, रुंदी-उंचीचे आकडे द्या, कॅमेऱ्यातली मूळ फाइल जशीच्या तशी चढवू नका.

‘पाचशे डिरेक्टऱ्यांत नोंदणी’ वगैरे पॅकेजवर पैसे घालवू नका, एप्रिल २०१२ च्या पेंग्विन या गूगलच्या बदलानंतर असल्या लिंकांचा फायदा नाही, झाला तर तापच. गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये, म्हणजे दुकानाच्या गूगलवरच्या नोंदीत, दुकानाचं नाव पाटीवर आहे तेच ठेवा. त्यात ‘बेस्ट चादर होलसेल’ जोडणं नियमाविरुद्ध आहे, आणि प्रोफाइल निलंबित झालं तर नेमकं सिझनला गायब होतं.

दिव्याऐवजी काय बघायचं? सर्च कन्सोल, फुकट आहे. ‘परफॉर्मन्स’मध्ये क्वेरीचा (लोकांनी काय शोधलं त्याचा) फिल्टर उघडून कस्टम रेजेक्स (अक्षरांचा नमुना) निवडा आणि [अ-ह] एवढंच लिहा. देवनागरीत झालेले शोध वेगळे निघतात. त्यात इम्प्रेशन (शोधात दिसण्याची वेळ) भरपूर आणि क्लिक नगण्य अशा ओळी शोधा. ‘चादर धुतल्यावर आटते का’ अशी ओळ दिसली आणि पानावर त्याचं उत्तर नसलं, तर दोन वाक्यं घाला. आकडे सोळा महिन्यांपुरतेच मिळतात, म्हणून जत्रेचा महिना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा आणि दर तिमाहीला फाइल उतरवून ठेवा.

पाचपैकी तीन तारे, तेही दिवे विझवल्यावर. प्लगइन काढूनच टाकायचं असेल तर आधी शीर्षकं आणि वर्णनं एक्स्पोर्ट करा. ती प्लगइनच्या स्वतःच्या रकान्यांत असतात आणि ते काढल्यावर पानांवर उमटत नाहीत. साइटमॅपचा पत्ताही बदलतो. ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅप आहे, तो सर्च कन्सोलमध्ये नव्यानं भरा आणि जुना तिथून काढा.