बंद ट्रेलर, दोन स्नोमोबाइल आणि पुढच्या दाराचं रबर : १६ महिन्यांनंतर

ट्रेलर घेतल्यावर तीन महिन्यांनी, एका रविवारी रात्री साडेनऊला उत्तर मिनेसोटातल्या ग्रँड मरेहून घरी पोचलो. ट्रेलर दारात लावला, मागचं दार उघडलं आणि आत टॉर्च मारला. पुढे बांधलेल्या बायकोच्या स्लेडचं, म्हणजे बर्फावर चालवायच्या स्नोमोबाइलचं, नाक पांढरट दिसलं. आधी वाटलं ट्रेलवरचाच बर्फ असेल. बोटानं खरवडलं तर करकरीत, करडा थर निघाला. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते मीठ. स्कीच्या वर, सस्पेन्शनच्या दांड्यांवर, बॉनेटच्या फटीतून पार क्लचपर्यंत. ट्रेलरच्या उजव्या कोपऱ्यात खारट चिखलाचं अर्धा इंच जाड थारोळं गोठलेलं.

ज्या एका गोष्टीसाठी एवढे पैसे घालून बंद ट्रेलर घेतला, ती म्हणजे हे मीठ स्लेडला लागू नये. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे दोन स्लेड आहेत, दोन्ही १३७ इंची ट्रॅकच्या (ट्रॅक म्हणजे खालचा फिरणारा रबरी पट्टा). अमेरिकेत, मिनेसोटातल्या मिनियापोलिसच्या उपनगरात राहतो. आमच्या राज्यात स्नोमोबाइलचे ट्रेल २२ हजार मैलांहून जास्त आहेत, पण आमच्या घराजवळ बर्फ टिकत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक फेरीला उत्तरेला जावं लागतं : डलुथच्या पुढे नॉर्थ शोअर, विस्कॉन्सिनात हेवर्ड, आणि वर्षातून एकदा मिशिगनचं किवीनॉ. पूर्वी उघडा, कलणारा दोन स्लेडचा ट्रेलर होता. स्वस्त, हलका, गॅरेजच्या भिंतीला उभा करता यायचा. पण दर फेरीनंतर स्लेड धुवायच्या म्हणजे काय, हे उणे तापमानात नळीचं पाणी गोठताना बघितलेल्यालाच कळेल. तिसऱ्या वर्षी मागच्या सस्पेन्शनचे दोन बोल्ट गंजून असे धरले की कापून काढावे लागले. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मिनेसोटात बर्फ नेहमीपेक्षा फारच कमी पडला. सगळा मोसम स्लेड घरात बसून होत्या, तेव्हा ठरवलं की आता बंद ट्रेलर घ्यायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतला.

७ फूट रुंद, १४ फूट लांब आणि पुढे ५ फुटांचं त्रिकोणी नाक. सगळा सांगाडा ॲल्युमिनियमचा, दोन ॲक्सल, चारही चाकांना इलेक्ट्रिक ब्रेक. मागे रॅम्पचं दार आणि नाकाच्या उजव्या तिरक्या बाजूला दुसरं रॅम्पचं दार. मागून चढायचं, पुढून उतरायचं. ७ फुटांत दोन स्लेड शेजारी-शेजारी बसत नाहीत. एक डावीकडे पुढे आणि दुसरी उजवीकडे मागे, अशा तिरक्या लावल्या की दुसरीच्या स्की पहिलीच्या शेपटीशेजारी बसतात. साडेआठ फुटी ट्रेलरात शेजारी बसतात, पण तो गाडीच्या मागे भिंतीसारखा येतो आणि आमच्या गल्लीत वळत नाही.

पोलादी सांगाड्याचा याच मापाचा ट्रेलर साडेतीन हजार डॉलरनी स्वस्त मिळत होता. आमच्यासाठी ही लहान रक्कम नाही. दोन महिने त्यावर घरात बोलणं चाललं होतं. शेवटी बाबांना फोन केला. बाबांनी वीस वर्षं रत्नागिरीहून कोल्हापूरला मासळीचा टेम्पो चालवला. पेट्यांतून बर्फाचं खारं पाणी गळायचं आणि चासी खालून खात जायचं, हे मी लहानपणी टेम्पोखाली पडून बघितलंय. ते म्हणाले, "मिठाच्या रस्त्याला लोखंड घेऊ नको. आणि रंग बघू नको, खाली वाकून सांधे बघ." ॲल्युमिनियम घेतला. सांधेही बघितले. दाराचं रबर मात्र बघितलं नाही.

हे पाणी आत शिरतं कसं, ते नीट सांगतो, कारण दुकानात कुणी सांगत नाही. पिकअपचं मागचं उजवं चाक रस्त्यावरचा खारट चिखल मागे फेकतं, आणि तो थेट नाकाच्या उजव्या बाजूवर, म्हणजे त्या पुढच्या दारावर आदळतो. ताशी ६५ मैलांना वारा त्याला फटीत दाबतो. दाराची बिजागरी खालच्या कडेला असते. वरच्या आणि बाजूच्या कडांवर दार बंद होताना रबर सरळ दाबलं जातं, पण बिजागरीजवळ दार फिरत येतं, त्यामुळे तिथलं रबर दाबलं न जाता सरकतं, घासतं. त्यात कारखान्यात चार बाजूंना चार तुकडे लावून कोपऱ्यात नुसते टेकवलेले. थंडीत रबर आकसलं की नेमक्या खालच्या कोपऱ्यांत फट पडते. माझ्या ट्रेलरात उजव्या कोपऱ्यातली फट करंगळीचं टोक जाईल एवढी होती. साध्या पावसात तिथून थेंबही येत नाही. मी ऑक्टोबरमध्ये नळीनं पाणी मारून बघितलं होतं, कोरडा निघाला. चालत्या गाडीमागची गोष्ट निराळी आहे.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की रबर हा झिजणारा भाग, वॉरंटीत बसत नाही. तीन महिन्यांत झिजला? मी फोटोत मोजपट्टी ठेवून पुन्हा पाठवलं. मग म्हणाले घेऊन या. सव्वा तास गाडी हाकत ट्रेलर नेला. त्यांनी नळीनं पाणी मारलं आणि गळत नाही म्हणाले. मी म्हटलं, हायवेवर चक्कर मारून बघा. त्याला नकार. शेवटी पुढच्या दाराचं सगळं रबर बदलून देण्याचे ३८५ डॉलर सांगितले. काउंटरवरचा मुलगा नम्र होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण हजारो डॉलर मोजलेल्या वस्तूचं मूळ कामच होत नसेल आणि उत्तर "झिजणारा भाग" असं मिळत असेल, तर ते मला मान्य नाही. मी तसाच परत आलो आणि तो हिवाळा फटीत जुना टॉवेल कोंबून काढला.

तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की पुढचं दार घेणंच चूक. आता बहुतेक नव्या दोन-स्ट्रोक स्लेडना रिव्हर्स असतो. बटण दाबलं की इंजिनच उलटं फिरतं. मग मागूनच काढता येते. पुढचं दार म्हणजे जास्तीचे पैसे, जास्तीची बिजागरी आणि जास्तीची फट. मित्रांना तसं सांगितलंही.

ते मत फेब्रुवारीत बदललं. किवीनॉला गेलो होतो, होटनच्या जरा वर. त्या भागात १९७८-७९ साली ३९०.४ इंच बर्फाची नोंद आहे. लेक सुपीरियरवरून येणारी ओल तिथं सगळी बर्फ होऊन उतरते. रात्री फॅरनहाइटमध्ये उणे २२. आदल्या संध्याकाळी ओल्या स्लेड आत घातल्या होत्या, त्यांचं वितळलेलं पाणी उताराने मागच्या दाराच्या उंबऱ्यात गेलं आणि गोठलं. सकाळी मागचं दार हलेना. शेजारच्या ट्रेलरवाल्यानं पहारीचा प्रयत्न करू का विचारलं, मी नको म्हटलं. ॲल्युमिनियमची कड एकदा वाकली की सरळ होत नाही. पुढचं दार दोन धक्क्यांत उघडलं. मुलगी आत शिरली, पुढची स्लेड सुरू करून सरळ बाहेर आली. मागची मी काढली. साडेनऊला आम्ही ट्रेलवर होतो. मित्रांना फोन करून आधीचा सल्ला मागे घेतला. पुढचं दार घ्याच. फक्त त्याचं रबर स्वतः बघून घ्या.

एप्रिलमध्ये, हवा ४५ अंश फॅरनहाइटवर गेल्यावर, ते काम हातात घेतलं. जुनं रबर ओढून काढलं, चिकटपणा अल्कोहोलनं पुसला आणि आतून पोकळ असलेली ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची पट्टी फुटांवर विकत आणली. खालच्या दोन्ही कोपऱ्यांत पट्टी न कापता वळवली आणि जोड वर, मध्यभागी घेतला, जिथं चिखल पोचत नाही. बाहेरून बिजागरीवर रबराची चार इंची झालर रिव्हेट केली. पिकअपला मागे मडफ्लॅप लावले. पट्टी आणि झालर मिळून ४२ डॉलर, मडफ्लॅप वेगळे, आणि एक शनिवार. हिवाळ्याआधी पट्टीला सिलिकॉन ग्रीस चोळतो, म्हणजे दार गोठून रबराला चिकटत नाही. मागच्या दारालाही तेच केलं, आणि उंबऱ्यात पाणी साचू नये म्हणून ट्रेलर उभा करताना नाक किंचित खाली ठेवतो.

बाकीचं थोडक्यात.

ॲल्युमिनियमबद्दल मी पूर्ण समाधानी होतो, आता थोडा कमी आहे. पत्रा, सांगाडा उत्तम. पण जिथं पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममधून जातात, तिथं मिठाच्या पाण्यात दोन धातूंची बॅटरीच होते आणि ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं. पुढच्या कपलरच्या (ट्रेलर गाडीला अडकवायच्या जोडाच्या) बोल्टांभोवती दीड वर्षातच ती दिसली. आता तापमान फॅरनहाइटमध्ये ३० च्या वर गेलं की लगेच गाड्या धुण्याच्या जागी नेऊन पोटाखालून पाणी मारतो. फार थंडीत साधं मीठ काम करत नाही, तेव्हा रस्त्यावर मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइड मारतात. ते हवेतलीच ओल ओढून घेतं आणि चिकटून राहतं. तरीही पोलादी घेतला असता तर आज मी गंजाबद्दल लिहीत असतो. साडेतीन हजारांचा मला पश्चात्ताप नाही.

वजनाबद्दल एक गोष्ट नक्की बघा. दोन स्लेडचे बरेच बंद ट्रेलर एका ॲक्सलचे असतात आणि त्यांच्या पट्टीवर कमाल वजन २,९९० पौंड लिहिलेलं असतं. मिनेसोटात ३,००० पौंडांपासून ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत, म्हणून ते १० पौंड कमी. रिकामा ट्रेलरच दीड हजारावर जातो. त्यात ५५०-६०० पौंडांच्या दोन स्लेड, पेट्रोल, कपडे, हत्यारं घातली की हिशेब लगेच संपतो. आम्ही दोन ॲक्सल आणि ब्रेक घेतले. आय-३५ महामार्गावरून डलुथला उतरताना थॉम्पसन हिल लागते. बर्फाळ रस्त्यावर तो उतार मागे साडेतीन हजार पौंड घेऊन उतरताना ब्रेकचे पैसे वसूल झाले असं मला दर वेळी वाटतं.

दिवे एकदा गेले, तेही रात्री, टू हार्बर्सजवळ. ट्रेलरच्या सांगाड्याला जोडलेल्या अर्थच्या वायरचं टोक मिठानं खाल्लं होतं. घासून नवं टोक बसवलं, वर ग्रीस. सात पिनांच्या प्लगमध्येही ग्रीस घाला. नव्या ट्रेलरच्या चाकांचे नट पहिल्या ५० मैलांत पुन्हा आवळावे लागतात. माझे दोन खरंच सैल निघाले होते. स्टड (बर्फात रुतणारे खिळे) लावलेल्या ट्रॅकनं जमिनीचा प्लायवूड फाडला, म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या टाकल्या; त्या पहिल्याच दिवशी टाकायला हव्या होत्या. पिकअपचं मायलेज गॅलनला १८ मैलांवरून ११ वर येतं आणि हायवे ६१ वर तळ्याकडून आडवा वारा आला की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. याला इलाज नाही.

आतल्या ओलीबद्दल कळकळीनं सांगतो. दोन ओल्या स्लेड बंद ठेवल्या की छतावर दव धरतं, मग तेच टपकतं. वरची खिडकी आणि बाजूच्या जाळ्या उघड्या ठेवा, घरी आल्यावर दारं उघडी टाका. काही जण आत प्रोपेनचा हीटर लावून स्लेड वाळवतात आणि दार लावून आतच कपडे बदलतात. असं करू नका. आत पेट्रोलची वाफ असते, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. इंजिनही दोन्ही दारं उघडी असल्याशिवाय सुरू करू नका; किवीनॉला मागचं दार गोठलं म्हणून आम्ही एकाच दारावर केलं, ते बरोबर नव्हतं. मुलांना हे आधी शिकवा.

मंडळातल्या दोन कुटुंबांनी यंदा ट्रेलर घ्यायचा म्हणून विचारलं. त्यांच्याबरोबर दुकानात गेलो तेव्हा भर दुपारी ट्रेलरच्या आत उभा राहिलो, दारं बाहेरून लावायला सांगितली आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलो. तीन ट्रेलरांपैकी दोघांत पुढच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यातून उजेडाची रेघ आत येत होती. मग एक डॉलरची नोट दारात धरून बंद केली आणि ओढली. वरच्या कडेला घट्ट. खालच्या कोपऱ्यात अलगद सुटली. ज्या ट्रेलरात नोट चारही बाजूंना अडकली, तो त्यांनी घेतला.

माझ्या ट्रेलरात परवाच्या फेरीला पुढच्या कोपऱ्यात वर्तमानपत्र अंथरून गेलो होतो. जाता-येता ५०० मैल, निम्मा रस्ता खारट चिखलाचा. घरी येऊन बघितलं तर कागद कोरडा होता, फक्त अगदी टोकाला रुपयाएवढा ओला डाग. बायकोच्या स्लेडवर काही नव्हतं. त्या टोकाला पट्टी वळताना थोडी चेपली गेली आहे. एप्रिलमध्ये तेवढा तुकडा पुन्हा बसवणार आहे.