स्लीव्ह की बायपास: शस्त्रक्रियेनंतरचे ताट

वजन कमी करण्याच्या स्लीव्ह आणि बायपास (हृदयाची नव्हे, जठराची) या दोन्ही शस्त्रक्रियांनंतरचे पहिले काही आठवडे बहुतांशी सारखेच जातात: आधी गाळलेले सूप आणि ताक, मग मिक्सरमधून काढलेले मुगाचे वरण, पुढे मऊ खिचडी आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी घरचे नेहमीचे जेवण. खरा फरक त्यानंतर जाणवतो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढला जातो, पण अन्न हळूहळू आतड्यात सोडणारे त्याचे खालचे दार शाबूत राहते. त्यामुळे गोडधोड तुलनेने निमूट पचते (ही सोय नव्हे, सापळाच म्हणायला हवा), मात्र छातीतली जळजळ वाढू शकते. बायपासमध्ये अन्न जठराच्या इवल्याशा कप्प्यातून थेट लहान आतड्यात उतरते, म्हणून श्रीखंडाच्या चार चमच्यांनीही धडधड, घाम आणि जुलाब होऊ शकतात. जळजळ मात्र बहुधा कमी होते. न चावता गिळलेला पोळीचा घास दोन्हींत अडकतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्याही दोन्हींत आयुष्यभर लागतात, परंतु लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांची हयगय बायपासमध्ये अधिक महागात पडते. जळजळीचा जुना, तीव्र त्रास असलेल्यांनी, माझ्या मते, डॉक्टरांशी आधी बायपासविषयीच बोलावे. गोळ्या नेमाने घेणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी स्लीव्ह अधिक व्यवहार्य ठरते.